शेजारच्या शेडमधला रणगाड्याचा सेट

ज्यांनी मदत केली त्यांचं आधी सांगतो, काय झालं ते मागून. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार म्हणून वस्ती आहे. तिथल्या आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहणारे एक आयरिश गृहस्थ. वय पंच्याहत्तरच्या पुढचं, सैन्याच्या बिनतारी विभागातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, एकटे. सव्वीस वर्षांच्या पोलीस नोकरीत मी अनेकांना मदत केली आणि अनेकांनी मला केली. पण ज्याच्यावर मी आळ घेतला, त्यानेच मला वाचवलं, असं एकदाच झालं. तो प्रसंग अजून पिच्छा सोडत नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही, नोकरीत असतानाही तोच नियम होता.

माझं शिक्षण नववी नापास. सांगलीकडच्या गावातून उंचीच्या जोरावर शिपाई म्हणून भरती झालो. पहिली सात-आठ वर्षं जिल्ह्याच्या वायरलेस विभागात काढली, पण ऑपरेटर म्हणून नव्हे. माझं काम बॅटऱ्यांचं. ॲसिड मोजायचं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, चार्जिंगला लावायच्या, आणि जुन्या सेटची पॉवर देणारी मोटर साफ ठेवायची. पुढे ठाण्यात आलो, तपास शिकलो आणि सहायक फौजदार होऊन घरी बसलो.

फेब्रुवारी २०२० मध्ये नातू झाला म्हणून तीन महिन्यांसाठी डब्लिनला आलो. तीन महिन्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं. सप्टेंबर उजाडला तरी मी तिथेच. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, गावचं घर कुलपात. इथं मी काय करत होतो? खिडकीत उभा राहायचो, खाली यायचो, चहा करायचो, परत वर जायचो. पायाला स्वस्थता नाही आणि डोक्याला तर नाहीच. रात्री जेवताना आपण या पोरांच्या घरात ओझं झालोय का, हा विचार यायचा. सूनबाईने तसं एकदाही दाखवलं नाही, हे तिचे उपकार.

घराचा सगळा भार सूनबाईवर होता. वर्क परमिट तिच्या नावावर, मुलगा तिच्या परमिटवर आलेला, त्याचं काम लॉकडाऊनमध्ये गेलेलं. तिने जूनमध्ये नवी नोकरी धरली होती, सहा महिने प्रोबेशन. तिचा साहेब अमेरिकेत, त्यामुळे रोज संध्याकाळी सहा ते सात कॉल. आणि बरोबर त्याच तासात घरचं इंटरनेट पडायचं. दोन मिनिटं चालायचं, पुन्हा पडायचं. मोबाइलवरचं नेट घरात जेमतेम एक कांडी दाखवायचं. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, पण तो आला सकाळी. सकाळी सगळं ठीक.

एका सोमवारी ती कॉल संपवून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, शुक्रवारी रिव्ह्यू आहे. आज तो म्हणाला, तुमच्याकडून हे सुटत नसेल तर आम्हाला विचार करावा लागेल."

"विचार म्हणजे?"

"म्हणजे काढतील. मग परमिट गेलं. मग सगळेच सांगलीला."

शेवटचं ती हसून म्हणाली, पण दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवून गॅस पेटवायचाच विसरली.

मी तेव्हाच ठरवलं, ही केस आपली. खरं तर आठवडाभर आधीच मी वही घातली होती. ठाण्यातल्या स्टेशन डायरीसारखी. तारीख, वेळ, नेट कधी गेलं, कधी आलं. सहा वाजता सूनबाईने दार लावलं की आवाज नको म्हणून मी वरच्या माझ्या खोलीत जायचो, गुडघे शेकत बसायचो आणि खालून मुलाची "गेलं!" अशी हाक आली की घड्याळ बघून लिहायचो. सहा वाजून पाच मिनिटं. सहा वाजून अकरा. सहा पंचवीस. रोज थोडा फरक, पण तास तोच.

त्याच रात्री खबर मिळाली. दोन घरं सोडून एक नागपूरचे गृहस्थ राहतात, आयटीतले. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना भेटले.

"काका, तुमच्या शेजारच्याच्या शेडवर वायर पाहिली का? चिमणीपासून झाडापर्यंत. युअर मॅनकडे, त्या म्हाताऱ्याकडे, आर्मीचा ट्रान्समीटर आहे म्हणे. रणगाड्यातला! दुसऱ्या महायुद्धातला!"

"तुमचंही नेट जातं का?"

"आमचं तर रोजच रडतं हो संध्याकाळी. तेच असणार ना, अजून काय?"

खबऱ्याचं एक लक्षात ठेवावं. तो पाहिलेलं एक सांगतो आणि अंदाजाची तीन जोडतो. हे मी कित्येक नव्या पोरांना शिकवलं होतं, आणि त्या रात्री स्वतः विसरलो.

मंगळवारी पाळत ठेवली. माझ्या खोलीच्या खिडकीतून त्यांची शेड सरळ दिसते. पावणेसहाला म्हातारबुवा शेडमध्ये गेले. दिवा लागला. सहा वाजून सात मिनिटांनी आमचं नेट गेलं. सातला मी जेवायला खाली आलो तेव्हाही दिवा चालूच. मला वाटलं, आता फक्त चौकशी बाकी.

बुधवारी सहाला दहा मिनिटं कमी असताना मी मास्क लावून त्यांच्या मागच्या दाराशी गेलो. मुद्दाम तीच वेळ धरली. संशयित रंगेहाथ सापडावा, हा हेतू. माझं इंग्रजी तुटकं, त्यांचा उच्चार मला निम्मा कळायचा, पण दोघांनी हातवारे भरपूर केले.

"निवृत्त पोलीस," मी स्वतःकडे बोट दाखवून म्हणालो. "वायरलेस. बॅटरी."

त्यांनी विचारलं, हुद्दा काय होता? मी सांगितला. त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे सार्जंट. माझ्यासारखाच. ये, आत ये सार्जंट, दार उघडं ठेवू म्हणजे नियम मोडणार नाही."

आत गेलो आणि क्षणभर मी पोलीस राहिलोच नाही. टेबलावर हिरव्या रंगाचा लोखंडी सेट, त्यावर डायल, बाजूला मोर्स संदेशाची पितळी किल्ली. खाली दोन बॅटऱ्या आणि त्यांच्या शेजारी ती मोटर. बॅटरीच्या बारा व्होल्टवर फिरते आणि दुसऱ्या टोकाने शेकडो व्होल्ट काढून देते. आम्ही तिला डायनामोटर म्हणायचो. अगदी तशीच नव्हे, पण तिच्याच घराण्यातली एक मोटर मी रोज पुसत होतो. त्यांनी सांगितलं, सेट भंगारातून उचलला, सहा वर्षं खपून चालू केला. काचेचे व्हॉल्व्ह मिळाले, कंडेन्सर बदलले, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला. पण मोटरचे कार्बन ब्रश पार झिजलेत, त्या मापाचे आता कुणी करत नाही. सेटमध्ये बोलायचं बटण दाबलं की मोटर कधी फिरते, कधी नुसती ठिणग्या टाकते.

ठिणग्या. मी मनात लिहून घेतलं. ठिणगी पडते तिथे रेडिओवर खरखर होतेच.

मग मी चौकशीला हात घातला. परवाना? त्यांनी भिंतीकडे बोट केलं, काचेच्या चौकटीत होता. रोज चालवता का? रोज, एकच फेरी, पंचवीस मिनिटं. चार जुने सोबती, त्यांतला एक दूरच्या स्लायगो शहरात, त्याला घराबाहेर पडता येत नाही. किती वाजता? त्यांनी वहीच पुढे केली. हौशी रेडिओवाले प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवतात, हे मला माहीत होतं. मी चष्मा लावला. मंगळवारची ओळ: सुरुवात १८:०५. सोमवारची: १८:०५. शुक्रवारची: १८:०६.

माझ्या खिशातल्या वहीत जवळपास तेच आकडे होते. आरोपीने आपल्याच हाताने लिहून ठेवलेला पुरावा मला आयुष्यात दोनदाच मिळाला, त्यांतला हा एक, असं मला वाटलं. भरीत भर म्हणजे मी शेडमध्ये बसलो होतो तेवढा वेळ त्यांनी सेट लावला नाही, आणि सात वाजता घरी आलो तर सूनबाई म्हणते, "बाबा, आज एकदाही पडलं नाही!"

झालं. दोन आणि दोन चार.

मी मुलाला सांगितलं. तो तापट. त्याने वस्तीच्या ग्रुपवर शुक्रवारच्या रिव्ह्यूसकट सगळं लिहिलं, रेडिओचे परवाने बघणाऱ्या ऑफिसला तक्रारीचा मसुदाही केला. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. मी म्हणालो, "वेळा नीट घाल."

गुरुवारी सकाळी म्हातारबुवा आमच्या फाटकाशी आले. ग्रुपवरचं त्यांना कुणीतरी दाखवलं होतं. दोन मीटर लांब उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"सार्जंट, मी बॅटऱ्या काढून ठेवल्यात. शुक्रवार होईपर्यंत सेटला हात लावणार नाही. तुमच्या मुलीची नोकरी राहू दे. स्लायगोला फोन करून सांगितलंय." एवढं बोलून म्हणाले, "ग्रँड," आणि गेले. ते लोक सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. बरं असलं तरी आणि नसलं तरी.

मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. दिवसभर मी जिना चढत-उतरत होतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, बसा ना हो थोडं. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते."

सहा वाजले. तिने दार लावलं. मी वर गेलो, नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर शेकायचं पॅड घेतलं, खिडकीतून पाहिलं. शेड बंद. दिवा नाही. वायरसुद्धा त्यांनी उतरवून ठेवली होती.

सहा वाजून सहा मिनिटांनी खालून हाक आली. "गेलं!"

संशयित कोठडीत असताना तीच चोरी पुन्हा झाली, की तपास अधिकाऱ्याचं काय होतं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मी बटण बंद केलं, पॅड बाजूला टाकलं आणि तसाच घरातल्या चपलांवर शेजारी गेलो.

ते मागच्या पायरीवर चहा घेत बसले होते. मी म्हणालो, "साहेब, चूक झाली. तुम्ही नाही."

"ते मला माहीत होतं."

"मग सकाळी बोलला का नाहीत? वही तुमची. वेळ तुमची."

"तू पोलीस. सेट बंद राहिला की तुझं तुलाच कळेल, म्हटलं." ते उठले, शेडचं दार उघडलं आणि आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावर सहा वाजून दहा. बुधवारी मी ते घड्याळ पाहिलं होतं आणि म्हाताऱ्याचं घड्याळ, मागे पडलं असेल, म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. जगभरचे रेडिओवाले नोंदी एकाच वेळेत ठेवतात, ग्रीनिचच्या, म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी जुळते. आयर्लंडमध्ये उन्हाळाभर घड्याळं त्याच्यापुढे एक तास असतात. वहीतले सहा वाजून पाच म्हणजे आमचे सात वाजून पाच. बॅटरी विभागात मी होतो, नोंदी ऑपरेटर करायचे. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"सातच का?" मी विचारलं.

"तुमच्या मुलीच्या खोलीतला दिवा सातला बंद होतो," ते म्हणाले. "माझ्या सेटचा तिला त्रास नको म्हणून तोवर नुसते व्हॉल्व्ह तापवत बसतो. जूनपासून."

तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलगा ओरडला, "बाबा, आलं! नेट आलं!"

म्हातारबुवांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, की मी ती नजर ओळखली. ती माझीच होती, ठाण्यातली.

"बुधवारी तू इथे होतास, तेव्हा तुमचं नेट चाललं. आता तू इथे आलास, ते परत आलं. सार्जंट, रोज सहा वाजता तू कुठे असतोस?"

हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला असेल. मला तो पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"वर. माझ्या खोलीत."

"काय करत?"

"गुडघे शेकत."

"कशाने?"

ते पॅड मी गावाहून आणलेलं. दोन गोल पिनांचा आपला प्लग, तिथलं सॉकेट चौकोनी तीन पिनांचं. मधे प्रवासाचा ॲडॉप्टर. तो ढिला बसायचा, म्हणून मी आपल्याकडे करतात तसं केलं होतं, आगकाडीचा तुकडा खोचून घट्ट केला होता. चालत होतं की. हे सांगताना मला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला.

कॉल संपेपर्यंत आम्ही थांबलो. सातला त्यांनी एक छोटा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर घेतला, स्टेशन नसलेल्या जागी काटा लावला आणि आमच्या घराच्या भिंतीला लागून उभे राहिले. मला वर पाठवलं. "खिडकी उघड. मी हात वर केला की चालू, खाली केला की बंद."

हात वर झाला. मी बटण दाबलं. खालून ट्रान्झिस्टर असा खरखरला, की पत्र्यावर कुणी खडी ओतावी. हात खाली, बंद. शांत. पुन्हा वर. खरखर. मी खिडकीतून ओरडलो, "समजलं, समजलं!" ते म्हणाले, "नाही. तीनदा." पंचनामा कसा करावा, हे त्या दिवशी मी सैन्याच्या माणसाकडून शिकलो.

तीनदा झाल्यावर मी ॲडॉप्टर उपसला. तो गरम होता. एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, काडीचा कोळसा झालेला. ढिल्या पिनेतून रोज तासभर ठिणगी पडत होती, आणि टेलिफोनची तार, जिच्यातून इंटरनेट येतं, ती त्याच भिंतीतून जात होती. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे नातवाचा पाळणा होता. मी पलंगावर बसलो. गुडघे शेकायची इच्छा पुन्हा कधी झाली नाही.

खाली येऊन सगळं सांगितलं. सूनबाई तोंडावर हात ठेवून हसत सुटली, हसता हसता डोळे पुसले.

"म्हणजे मला त्रास नको म्हणून तुम्ही वर जायचात, आणि वर गेलात म्हणून त्रास! बाबा, सव्वीस वर्षं चोर पकडले म्हणता!"

"हा पहिलाच घरचा," मी म्हणालो.

मुलगा मान खाली घालून होता. मी त्याला लिहायला बसवलं, जबाब घेतात तसा मी सांगत गेलो, तो इंग्रजीत लिहीत गेला. दोष कुणाचा, कसा सापडला, शेजाऱ्यांच्या सेटचा काहीही संबंध नाही, आळ आम्ही घेतला, माफी आम्ही मागतो. तो म्हणाला, "एवढं सविस्तर कशाला?" मी म्हणालो, "आरोप सविस्तर केला होतास ना?" तक्रारीचा मसुदा त्याने माझ्यासमोर पुसला. नागपूरच्या गृहस्थांनी ग्रुपवर अंगठा पाठवला. त्यांचं नेट अजूनही रडतं, असं ऐकतो.

शुक्रवारी सहा वाजता मी म्हातारबुवांच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो. माझ्या खोलीत काही चुकून चालू राहू नये म्हणून नाही, मलाच आमच्या घरात थांबवेना. मी दर पाच मिनिटांनी खिडकीकडे बघायचो, हाक येते का म्हणून. आली नाही. सातला सूनबाईच्या खोलीतला दिवा बंद झाला आणि ती चक्क अंगणात आली. कुंपणाजवळ उभी राहून दोन्ही अंगठे वर केले. प्रोबेशन पूर्ण झाल्याचं पत्र पुढे डिसेंबरात आलं, पण आमच्यासाठी तो दिवस तोच.

म्हातारबुवांनी बॅटऱ्या जोडल्या. बटण दाबलं. मोटर घरघरली, ठिणगी टाकली आणि बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ब्रश संपले होते. स्लायगोचा मित्र पलीकडे वाट बघत असणार. ते नुसते सेटकडे बघत राहिले.

मी घरी धावलो. आपल्याकडचं माणूस परदेशी येताना मिक्सर आणतं आणि मिक्सरबरोबर कार्बन ब्रशची एक जास्तीची जोडी आणतं, सूनबाईच्या आईने ती पुडीत बांधून दिलेलीच होती. माप मोठं होतं. सँडपेपरवर घासून घासून मी ती जोडी बसवली, मोटरच्या गोलाईला टेकेल अशी खालून वाटी काढली. बोटं काळी झाली. चाळीस वर्षांनी तो वास नाकात गेला. मोटर फिरली, आधी रडल्यासारखी, मग एकसूर. म्हातारबुवा माईकमध्ये बोलले, थांबले, आणि खरखरीतून एक म्हातारा आवाज आला. काय म्हणाला ते मला कळलं नाही. त्यांनी हसून सांगितलं, "विचारतोय, आज इतका उशीर? कुठं मेला होतास?"

या केसने काय शिकवलं? ठाण्यात पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, डायरीत दुसऱ्याचं काही लिहिण्याआधी स्वतःचं जाणं-येणं लिही. आला कधी, गेला कुठे, परतला कधी. पुढे नोकरी संपेपर्यंत मी ते पाळलं. ओंगारच्या त्या वहीत मात्र म्हातारबुवांचा दिवा होता, नेट होतं, सूनबाईचा कॉल होता. मी कुठेच नव्हतो. आपण घरातले, आपण भल्यासाठी करतोय, मग आपली नोंद कशाला, असं मी धरून चाललो. ती एक ओळ लिहिली असती, तर पहिल्याच आठवड्यात केस सुटली असती आणि एका चांगल्या माणसाची बदनामी टळली असती. जुळलेले आकडे खरे असतात, पण ते कुठल्या घड्याळाचे, हे विचारल्याशिवाय ते पुरावा होत नाहीत.

२०२१ च्या उन्हाळ्यात मला विमान मिळालं आणि मी गावी आलो. निघताना म्हातारबुवा फाटकाशी उभे होते. मी मोटरचं विचारलं. म्हणाले, "ग्रँड." पण मला माहीत आहे, मिक्सरचा ब्रश त्या मोटरला फार दिवस पुरायचा नाही. तो मऊ असतो, वर्ष-दोन वर्षांत झिजेल. आमच्या तालुक्याला मोटरींचं वाइंडिंग करणारा एक कारागीर आहे, तो ग्राफाइटची कांडी कापून हव्या त्या मापाचे ब्रश करून देतो. जुन्या ब्रशचं माप मी कागदावर उतरवून आणलंय, तो कागद पाकिटात आहे. एक जोडी नव्हे, चार करून घेणार आहे. सार्जंट, तुमच्या मोटरचे ब्रश झिजायच्या आत ते मी स्वतः तुमच्या हातात देईन.